तक्रारपेटीत चिठ्ठी का पडत नाही?

शिवारवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालकांकडून आहे. दर बैठकीत 'तक्रारपेटी उघडणे' हा विषय ठरलेला असतो आणि इतिवृत्तात त्याच्यापुढे एकच शब्द पडतो: निरंक. परवाही तो वाचला गेला आणि सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. आपल्या शाळेत तक्रारच नाही म्हणून. मला काही ते पटलं नाही.

शाळा सुटल्यावर आमच्या अंगणात ज्या पोरी खेळायला येतात, त्यांच्या बोलण्यात तक्रारी असतातच की. मुलींच्या शौचालयाची कडी तुटलीय, म्हणून एकीने दाराशी उभं राहायचं नि दुसरीने आत जायचं. सोबत मिळणार नसेल तर सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. पालावर राहणाऱ्या एका मुलाला खिचडीच्या रांगेत रोज सगळ्यांच्या मागे ढकलतात. एका तासाला उत्तर चुकलं की 'तुझ्या आईबापानं तरी पाटी बघितली होती का' हे ऐकून घ्यावं लागतं. यातलं एक अक्षर पेटीत नाही.

पेटी कुठे आहे तेही सांगते. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराला लागून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. दुसरीतल्या पोराचा हात तिथे पोचत नाही. चौथीतल्याचा पोचतो, पण तो चिठ्ठी टाकायला गेला की व्हरांड्यातली सगळी शाळा त्याच्याकडे बघते. आणि एवढ्याशा शाळेत अक्षर कुणाचं, हे बाईंना लांबूनसुद्धा ओळखता येतं.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची आधीची माहिती तपासून घेणं, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती), गैरप्रकार कळला की २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं, असं बरंच त्यात आहे. यातलं काही आधीपासून कागदावर होतंच. सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चा आहे. पण बदलापूरच्या त्या मुली शिशुवर्गातल्या होत्या. त्यांना कुठलं लिहायला येणार? घरच्यांनी त्यांचं बोलणं मनावर घेतलं म्हणून प्रकार उघडकीला आला. आणि त्या घरच्यांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. कॅमेरे लावा, माझं काही म्हणणं नाही. पण मुलाने ज्याच्यापाशी बोलावं असं माणूस शाळेत नसेल, तर कॅमेऱ्याचा उपयोग सगळं होऊन गेल्यावरच.

म्हणून मी सुरक्षिततेत ती कडीही धरते आणि खिचडीची रांगही. रोज मागे ढकलला जाणारा मुलगा, उद्या त्याच्यावर खरोखरच काही बेतलं, तर कुणाकडे जाईल? आपलं कुणी ऐकत नाही हे तो रोज दुपारी शिकतोय.

तुमच्याकडे काय चालतं ते सांगा. पेटीत चिठ्ठ्या पडतात का? पडत नसतील तर मुलं कुणाशी बोलतात? शिक्षकांनी तर नक्कीच लिहावं.

गोदाकाठ

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. आमच्याकडे प्रश्न पेटीच्याही आधी सुरू होतो. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि वर्ग निम्मा होतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात, धाकट्याला कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, सांभाळायला मोठी पोर लागते. म्हणजे सातवीतली मुलगी गेलीच.

काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजीजवळ राहतात. जी जातात त्यांना शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने बसवून घ्यावं. कारखान्याच्या पट्ट्यातली शाळा चांगली असेल तर घेतात. पण फड दर काही दिवसांनी हलतो. मार्च-एप्रिलमध्ये पोरगं परत येतं तेव्हा त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं असतं. ते गुपचूप मागे जाऊन बसतं. हे मूल चिठ्ठी लिहील? त्याला आपण या शाळेचे आहोत की नाही हेच ठाऊक नसतं.

मी दोन गोष्टी करतो. एक, परत आलेल्या मुलाची जागा आणि हजेरीपटावरचं नाव दोन्ही राखून ठेवतो, आणि पहिले काही दिवस त्याला एक सोबती देतो. दुसरं, गणित त्याच्याकडून घेतो. किती मोळ्या बांधल्या, गाडीत किती टन बसला, उचलीतले किती फिटले, हे या मुलांना तोंडपाठ असतं. फळ्यावर ते मांडलं की आजवर मागे बसलेला मुलगा बाकीच्यांना समजावून सांगायला लागतो. त्यानंतर तो इतर गोष्टीही बोलतो.

आमच्या जिल्ह्यात २००९ मध्ये मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, त्यातली जोडीने बोलायची पद्धत मला अजून उपयोगी पडते. सगळ्या वर्गासमोर जे तोंड उघडत नाहीत, ते शेजारच्याशी बोलतात.

निवृत्त_गुरुजी

धागाकर्तीची कळकळ समजते. तरी दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. उभी हयात शिकवण्यात गेली. आज द्विशिक्षकी शाळेतल्या माणसाला चार-पाच वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, मतदार याद्या, सर्वेक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती हे सगळं करावं लागतं. त्यातून वर्गात उरेल तेवढा वेळ. त्याच्याकडून आईची माया, समुपदेशकाचं कसब आणि पोलिसाची नजर, सगळंच मागितलं जातं.

आणि निनावी चिठ्ठीबद्दल मला काळजी वाटते. गावात राजकारण असतं. पोराच्या हातून मोठ्याने लिहून घेतलेली चिठ्ठीही मी पाहिलीय. एका ओळीने शिक्षकाची अब्रू जाते आणि पुढे तो निर्दोष ठरला तरी गाव विसरत नाही. मुलाला सुरक्षित वाटावं हे खरं. शिक्षकालाही वाटावं की नको?

काळाकोट

गुरुजी, तुमची भीती रास्त आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. कडी तुटली, रांगेत ढकललं, बोचरं बोललं गेलं, या शाळेने सोडवायच्या गोष्टी आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केलीय. ते मोडलं तर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते, म्हणजे शिक्षकाला आपली बाजू मांडायला जागा असते. 'आईबापानं पाटी बघितली होती का' हे वाक्य त्या कलमात बसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मात्र शाळेने 'आधी आपण खात्री करून घेऊ' म्हणत आतल्या आत चौकशी चालवायची नसते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती मिळाली त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. खरं-खोटं ठरवायचं ओझं कायद्याने मुख्याध्यापकांवर टाकलेलंच नाही. त्यांनी कळवायचं, बस्स. प्रामाणिक शिक्षकासाठीसुद्धा हेच बरं, कारण गावातल्या कुजबुजीपेक्षा रीतसर तपास कधीही चांगला.

पालकांनी हेही लक्षात ठेवावं: मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो, अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला अधिकारी असावी, आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असावं. मुलाचं नाव, फोटो, शाळेचं नाव, ओळख पटेल असं काहीही गावच्या ग्रुपवर टाकणं हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूने निषेधाचे संदेश पुढे पाठवणारी माणसं इथेच चुकतात.

चाळकरी_बाबा

मुंबईहून लिहितोय. माझा मुलगा शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खाजगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून एका इंग्रजी शाळेत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने या मुलांना घ्यायची गरज नाही म्हणून. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते लोकांनी.

प्रवेश मिळाला. पुढचं कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी वर्गात येऊन 'आरटीईवाल्यांनी हात वर करा' असं विचारायचे, पुस्तकांचा हिशेब करायला. सहलीच्या दिवशी पोरगा घरी. स्नेहसंमेलनात ज्यांनी पोशाखाचे पैसे भरले त्यांना नाच, बाकीचे प्रेक्षकांत. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तरी पोटात दुखतंय म्हणून सोमवारी शाळा बुडवायला लागला. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

मग मला कळलं की फी नियमनाच्या कायद्याप्रमाणे शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. मी नाव दिलं आणि माझी चिठ्ठी निघाली. बैठकीत मी एकच मागितलं, हात वर करायला लावू नका, यादी कार्यालयात आहे तिथून बघा. दुसऱ्या दिवसापासून थांबलं. इतकं सोपं होतं हो ते. वर्गशिक्षिकेला तर हात वर करायला लावल्याने मुलाला काय वाटतं हे कधी जाणवलंच नव्हतं.

आता पोटदुखी नाही. आता चिंता आठवीनंतरची. कायदा आठवीपर्यंत, नववीपासून पूर्ण फी. पोराने त्याच मित्रांसोबत आठ वर्षं काढल्यावर त्याला काय सांगायचं?

आठवी_ड

माझं नाव बघूनच कळेल. आमच्या हायस्कुलात गुणांवर तुकड्या पाडायच्या. अ तुकडीला अनुभवी शिक्षक, प्रयोगशाळा, वाचनालयाची पुस्तकं. ड ला बदली तास. वर्गात कुणी आलं की पहिलं वाक्य, 'ही ड आहे ना?' चाळकरी_बाबांनी लिहिलेलं वाचून सगळं वर आलं. आम्हाला कुणी विचारलं असतं काय तक्रार आहे, तर आम्ही काहीच नाही म्हणालो असतो. आपली लायकीच ही, असं पक्कं झालं होतं.

ओलावा

शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. आठवी_ड यांचं शेवटचं वाक्य मी रोज वेगवेगळ्या तोंडून ऐकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नका आणि चारचौघांत पाणउतारा करू नका हे आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक असावा असंही आहे. प्रत्यक्षात एकेक समुपदेशक कितीतरी शाळा फिरतो, आणि मूल ज्या दिवशी बोलायला तयार होतं त्या दिवशी तो दुसरीकडे असतो. म्हणून माझा भर शाळेत रोज असणाऱ्या माणसांवर आहे. त्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि शिपाईकाकाही आले. पुष्कळ मुलं पहिल्यांदा त्यांच्याकडेच बोलतात.

मी मुलांना पाच बोटांवर पाच माणसं मोजायला सांगते, ज्यांना काहीही सांगता येईल अशी. त्यातलं एक तरी शाळेतलं हवं. ज्यांना शाळेतलं एकही नाव सुचत नाही, त्या मुलांची यादी मी मुख्याध्यापकांना देते. ती यादी आणि मागे पडणाऱ्या, गैरहजर राहणाऱ्या मुलांची यादी बहुतेक एकच निघते. धास्तावलेलं मूल वर्गात बसलेलं असतं, पण त्याचा निम्मा जीव सुट्टीत काय होईल याच्यात असतो. त्याच्या डोक्यात भागाकार शिरणार कसा?

आणि मूल बोललं तर काय करायचं? 'आधी का नाही सांगितलंस' हे अजिबात विचारू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, ते पाळता येत नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस, आता मी बघते' एवढं पुरतं, आणि मग खरंच बघायचं. परत परत तेच वदवून घेऊ नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, हे दोन्ही क्रमांक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहा. बऱ्याच शाळांत ते कार्यालयात फळीच्या वरच्या कोपऱ्यात असतात.

दुपारची_शाळा

पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गात बांधकामावरच्या मजुरांची मुलं आहेत. घरी कन्नड, तेलुगू, हिंदी, लमाणी. मराठीत चिठ्ठी लिहा म्हणणं म्हणजे त्यातल्या निम्म्यांना गप्प बसा म्हणण्यासारखंच.

आमची पेटीही वर्षानुवर्षं रिकामी असायची. मग आम्ही तीन बदल केले. पेटी कार्यालयापासून काढून पाण्याच्या नळांजवळ, खाली लावली. दर शनिवारी प्रत्येकानेच कागद टाकायचा असं ठरवलं. ज्याला काही सांगायचंय त्याने लिहावं, कुठल्याही भाषेत. ज्याला नाही त्याने चित्र काढावं. सगळेच टाकतात म्हटल्यावर कोण तक्रार करतंय हे कुणाला कळत नाही. आणि सोमवारच्या परिपाठात, नाव न घेता, मागच्या आठवड्यातल्या गोष्टींचं काय झालं ते सांगायचं. झालं नसेल तर का नाही झालं तेही.

खूप फुलं आणि घरं येतात. पण हळूहळू इतरही येऊ लागलं. एका मुलीने फक्त जिना काढला होता आणि त्याच्यावर मोठी मुलं. जिन्यात मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलींची वाट अडवली जात होती, आम्हाला पत्ताच नव्हता. तिथे आता सुट्टीत एक शिक्षक उभा असतो. कॅमेरा त्या जिन्यात नव्हताच.

शंकास्पद काही आलं तर तो कागद परिपाठात येत नाही. तो थेट मुख्याध्यापक आणि सखी सावित्री समितीकडे, आणि गरज असेल तर पुढे पोलिसांकडे.

निवृत्त_गुरुजी

शनिवारी सगळ्यांनीच कागद टाकायचा, हे आवडलं. माझ्या मनातल्या बऱ्याच शंका त्याने मिटतात. सूडाची एखादी चिठ्ठी आली तरी इतक्या कागदांत मुलांचं खरं बोलणं काय ते शिक्षकाला कळू शकतं. विचारतो ते एवढंच: उघडतं कोण? मुख्याध्यापक एकटेच उघडत असतील आणि तक्रार त्यांच्याचविरुद्ध असेल तर?

दुपारची_शाळा

गुरुजी, एकट्याने उघडायची नाहीच. आमच्याकडे एक शिक्षिका, एक पालक आणि मुलांचे प्रतिनिधी असतात. मुलं फक्त पेटी उघडताना हजर असतात, कागद वाचत नाहीत. उघडल्याची नोंद आणि कागदांची संख्या वहीत लिहितो, सह्या होतात.

शिवारवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद कागदावर उतरवून बैठकीत नेणार आहे. पेटी खाली आणणं, शनिवारचा कागद, सोमवारचं उत्तर आणि पाच बोटं, एवढं तर पैसे न लागता होईल. कडीसाठी मात्र 'निधी नाही' हेच ऐकतेय.

गोदाकाठ

ताई, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे येतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, त्याच्यावर १०० पर्यंत २५ हजार. त्यातला किमान दहा टक्के खर्च स्वच्छतेच्या कामांवर करायचा असतो. अनुदान उशिरा येतं हे खरं, पण कडी-कोयंड्याला किती लागतात? ठरावात घ्या, 'मुलींच्या शौचालयाची कडी' असे शब्द इतिवृत्तात येऊ द्या. निरंकच्या जागी.

काळाकोट

आणि समिती कोण बनवतं तेही बघा. कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. तुमच्या समितीवर पालावरचं कुणी आहे का?

शिवारवाट

नाही. मी आजवर हा प्रश्न विचारलाही गेलेला ऐकला नाही. त्या मुलाच्या आईशी बोलून बघते. पण आमची बैठक दुपारी दोनला असते आणि ती त्या वेळी कामावर. एका बैठकीसाठी तिची दिवसाची मजुरी बुडेल.

चाळकरी_बाबा

मग बैठकीची वेळ बदला. आमच्या संघात कामावर जाणाऱ्या आयांसाठी शनिवारी संध्याकाळी घ्यायला लावली होती. शाळेने आधी कुरकुर केली, नंतर हजेरी वाढलेली पाहिली.

शिवारवाट

मुख्याध्यापक बाई तालुक्याहून येतात, त्यांची शेवटची एसटी सातची आहे. साडेपाचला सुरू केली तर दोघींनाही जमेल. सोमवारी विचारते आणि इथेच लिहिते.